लाईन टिकू दे

हरभऱ्याला पाणी सुरू झालं, की आमच्या डोणगावातले दिवे आधी पिवळे पडतात, मग तांबूस होतात, आणि मग जावं की राहावं अशा विचारात थोडा वेळ तसेच लटकून राहतात. शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम घुंई करून उठलेल्या असतात ना! मग कुठंतरी खट् होतं आणि गल्लीतल्या घराघरांतून एकच आरोळी उठते, "लाईन गेलीऽऽ!"

वीज नाही, लाईट नाही, लाईन. पुण्यात नोकरीला होते तेव्हा हा शब्द ऐकून मैत्रिणी खो-खो हसायच्या. हसा म्हटलं. माझी माय सांगते, महाराष्ट्र नवा-नवा झाला होता, ती परकरी पोर होती, तेव्हा मेहकरच्या बाजूनं शेताशेतांतून खांबांची रांग गावाकडं येताना तिनं पाहिली. सगळे बांधावर उभे राहून म्हणायचे, लाईन येऊन राह्यली. दिवा नंतर आला, आधी लाईन आली. आता जी आली ती लाईन, तर जाणार तीही लाईनच. यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आज सकाळी ओट्यावर ढाळे सोलत बसले होते. ओल्या हरभऱ्याची आंब बोटांना लागली, जिभेला लागली, पायाशी टरफलांचा ढीग झाला आणि फोनवर एक मेल आली. कुठल्याशा दूरच्या शहरातल्या तरुण पोरानं मोठ्या अदबीनं विचारलं होतं, की आपल्या प्रोग्राममध्ये 'टिकूदे' नावाचं एक फंक्शन आहे, त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही, तेव्हा ते नाव काढून नीट इंग्रजी नाव दिलं तर चालेल का?

नाव काढतो म्हणे! माझं डोकंच फिरलं. हातातला ढाळा तसाच राहिला आणि तो अख्खा हिवाळा, त्यातल्या मोटारींसकट, स्प्रिंकलरच्या टकटकीसकट, माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

मी फाईल सिस्टिम सांभाळते. हे वाक्य सोयऱ्याधायऱ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे नुसतं मोकळं कोठार. कुठलं पोतं कुठं ठेवलं, कोणाचं कोणतं, रिकामी जागा कुठली, हे जिच्या ध्यानात असतं ती फाईल सिस्टिम. ती विसरली, तर माल सारा कोठारातच असतो, पण कोणाच्या हाती लागत नाही. आमच्या फाईल सिस्टिमचं नाव लोट्टी. ती सुरू केली योहान नावाच्या माणसानं, उत्तरेकडच्या एका थंडगार देशात बसून, आणि तिला नाव दिलं आपल्या कुत्रीचं. मायला हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला होता. "कुत्रीच्या नावाचं काम करते वं माही पोरगी!" पण तोंडात नाव बसेना म्हणून तिनं लोट्टीची लोटी केली. तेच मला आवडलं. पाण्याची लोटी. सांडायची नाही, एवढंच तिचं काम.

आणि ही लोट्टी ओपन सोर्स. म्हणजे तिचा सगळा प्रोग्राम उघडा. वाचा, वापरा, दुरुस्त करा, कोणी अडवत नाही. "मंग पैसे कोण देते?" हा मावशीचा प्रश्न. कोणी नाही देत. शेतात जायची पांदण असते ना, तसं. ती कोणाच्या नावावर नसते, पण खड्डा पडला की ज्याची बैलगाडी अडते तो आपलं फावडं घेऊन जातो आणि चार पाट्या मुरूम टाकून येतो. मागून येणाऱ्यांचंही भलं होतं. मी पुण्यात असतानाच त्या पांदणीवर मुरूम टाकायला लागले होते. बाबा गेल्यावर माय एकटी पडली, तेव्हा नोकरी सोडून डोणगावला आले आणि पोटापुरतं दुसरं काम घरूनच करून उरलेला सगळा जीव लोट्टीत ओतला. लोक म्हणायचे, शिकलेली पोर घरी बसली. बसली तर बसली! जगभरातल्या माणसांच्या डिस्का माझ्या आणि योहानच्या भरवशावर चालत होत्या, आणि हे मला ओट्यावर बसून ठाऊक असायचं. त्या सुखाला तोड नव्हती.

तर त्या हिवाळ्यात लोट्टी सांडायला लागली.

एक-दोन ठिकाणांहून तक्रारी आल्या. फाईल उघडावी तर आत भलतंच. योहाननं जिवाचं रान केलं, पण त्याच्याकडं काही केल्या तसं घडेना. जे आपल्यासमोर घडत नाही ते दुरुस्त काय करणार? शेवटी त्यानं सगळ्यांना लिहिलं, की बर्फ वितळेपर्यंत कारण सापडलं नाही, तर मी लोट्टी बंद करणार. लोकांची जिनगानी सांभाळतो असं म्हणायचं आणि ती हरवायची, हे माझ्यानं होणार नाही. साधा, सच्चा माणूस. त्याचं पटतही होतं आणि रडूही येत होतं. त्याचा बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे आमचा हरभरा घरात येईपर्यंत. एवढाच वेळ होता.

मला काहीतरी वास येत होता. आमच्याकडं भारनियमन जोरात होतं तेव्हा, आणि गडबड व्हायची ती नेमकी त्याच वेळी. मी योहानला इंग्रजीत व्यवस्थित लिहिलं: लाईन जाते आणि येते, तेव्हा हे होतंय, लाईनकडं बघ. त्याचं उत्तर आलं: लाईन गेली तर मेल पोचणार नाही, डिस्कला काय होणार? मी पुन्हा लिहिलं: अरे बाबा, लाईन दिवसातून कितीदा तरी जाते! तो म्हणाला, तुझ्या टेलिफोन कंपनीकडं तक्रार कर. आणि माझी तक्रार त्यानं निकालात काढली! मी मायजवळ त्याच्या नावानं इतकी बोटं मोडली, की तिनं विचारलं, "काऊन वं, त्या म्हाताऱ्यानं तुहं काय घेतलं?"

आता कोणी म्हणेल, चूक तुझी, इंग्रजीत लाईन म्हणजे वीज होत नाही. होत नसेल. आमच्या इंग्रजीत होते.

तशात अश्फाकभाईंची बुंदी झाली. अश्फाकभाईंचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ. पंचक्रोशीतलं लग्न त्यांच्या कॅमेऱ्यातून गेल्याशिवाय लागलं असं कोणी मानत नसे. त्यांच्या कॉम्प्युटरवर लोट्टी मीच हौसेनं बसवून दिली होती. एक दिवस दुपारी ते स्वतः घरी आले, टोपी हातात घेऊन.

"बेटा, जरा दुकानात चाल. लोणारच्या लग्नात काहीतरी लफडं झालं."

मी जाऊन पाहिलं. पडद्यावर नवरदेव उभा. शेरवानी झकास, हातात कट्यार, गळ्यात हार. आणि मानेच्या वर बुंदी. कुठल्या तरी भलत्याच लग्नाच्या पंगतीतलं बुंदीचं घमेलं नवरदेवाच्या खांद्यांवर नीट बसलेलं! पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही. मला हसू फुटलं, ते मी तिथंच आवरलं. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून झालेलं होतं. नवरदेवाकडची माणसं अल्बम न्यायला येणार होती.

"आता त्याइले काय सांगू मी?" अश्फाकभाई म्हणाले. "का तुमच्या पोराचं मुंडकं शोधून राह्यलो?"

त्या डिस्कला कोणी हात लावू नका, असं निक्षून सांगून मी ती काढून घरी आणली आणि कपाटात ठेवली. ही एक अक्कल मला तेव्हा सुचली, म्हणून पुढचं सारं झालं.

लोट्टी लक्षात कशी ठेवते, ते सांगायला हवं. मायच्या स्वयंपाकावरून सांगते, कारण मी ते तिथंच नीट समजले. वरणाला फोडणी बसली आणि लाईन गेली, की अंधारात पहिला प्रश्न असतो, मीठ टाकलं का नाही? म्हणून मायची सवय. ती मोठ्यानं बोलते. "मीठ टाकून राह्यली बरं मी!" मग मीठ टाकते. मग म्हणते, "टाकलं!" मधेच अंधार झाला, तर काय राहिलं ते घरातल्या कोणालाही सांगता येतं. 'टाकून राह्यली' ऐकू आलं आणि 'टाकलं' आलं नाही, म्हणजे चव घ्यायची आणि राहिलेलं काम पुरं करायचं. लोट्टीही अगदी हेच करते. आधी बोलून ठेवते, मग करते, मग झालं म्हणते. लाईन परत आली, की आपलं शेवटचं बोलणं आठवून राहिलेलं पुरं करते.

मग मुंडकं गेलं कुठं?

मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लोट्टी चालवायची आणि मधेच प्लग ओढायची. पुन्हा लावायची, तपासायची. सगळं जागच्या जागी. पुन्हा ओढायची. जागच्या जागी! योहानही तेच करत होता, बाकीचेही तेच. प्लग ओढून ओढून बोर्ड भिंतीतून सैल झाला. बाहेर गहू गुडघ्याला आला, हरभरा घाट्यांवर आला, सकाळचं धुकं शेतातल्या तुषारांत मिसळून जायचं, आणि मी खिडकीशी बसून हातात प्लग धरून रडकुंडीला आलेली.

तशीच एक दुपार. लाईन गेली होती ती आली. मी झडप घालून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो आळोखेपिळोखे देत उठतो न उठतो, तोच दिवा तांबूस झाला आणि खट्. परत गेली.

"वैशेऽऽ!" माय स्वयंपाकघरातून ओरडली. "कितीदा सांगतलं तुले, लाईन आली का लगेच बटन नको दाबू! लाईन टिकू दे जरा! जयन न सारं!"

हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आलेय. आमच्या गावात ते शिकवावं लागत नाही. लाईन आली, की घरोघरच्या साऱ्या वस्तू आणि शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम अंगावर येतात आणि ती बिचारी पुन्हा बसते. येते, जाते, येते, आणि मग कुठं ठरते. म्हणून जाणतं माणूस थांबतं. मायनं काही शोध लावला नव्हता. तिला टीव्ही जळायची काळजी होती. पण मी मात्र खुर्चीत ताठ झाले. बोट अजून त्या मेलेल्या बटणावर, आणि डोक्यात लख्ख उजेड.

आम्ही सारे जण प्लग एकदाच ओढत होतो!

ज्याच्या देशात लाईन जातच नाही, त्याच्या कल्पनेत ती गेली तर एकदा जाते आणि आली की आली. योहानच्या आयुष्यात ती म्हणे एकदा गेली होती, झाड पडून, आणि ती गोष्ट तो नातवंडांना सांगायचा. लोट्टी उठून राहिलेलं काम पुरं करत असताना, त्या नाजूक घटकेला, तिच्या डोक्यावर दुसरा अंधार कोणी पाडून पाहिलाच नव्हता. डोणगावची लाईन ते रोज करत होती, फुकटात.

लाईन आली. मी थांबले. टिकू दिली. मग प्लग ओढला, लावला, लोट्टी उठून आठवायला लागली, आणि तिच्या तोंडात शब्द असतानाच पुन्हा ओढला. काही नाही. पुन्हा तसंच. काही नाही. पुन्हा. आणि पडद्यावर माझ्या चाचणीच्या फोटोत, बाबांच्या पांढऱ्या टोपीच्या जागी, आमच्या म्हशीचं शिंग!

"सापडलीऽऽ!" मी अशी किंचाळले, की माय पिठाच्या हातानं धावत आली. मी तिला धरून गरगर फिरवलं. "अवं, काय सापडलं?" "चूक सापडली, माय, चूक!" "अन् त्याचा एवढा आनंद?" हो, एवढा आनंद. त्या आनंदाची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

योहानला लिहिलं, लाईन लागोपाठ दोनदा जाऊ दे आणि मग बघ, तर त्याचं पालुपद तेच, लाईनचा संबंध काय? माझा धीर सुटला. मी त्याला घरचा नंबर कळवला, की फोन कर, तोंडानंच भांडू. आणि त्या म्हाताऱ्यानं खरंच फोन केला. मी रिसीव्हर कानाला धरून समजावतेय, तो पलीकडून नाही-नाही म्हणतोय, एवढ्यात दिवा तांबूस झाला, खट् वाजलं आणि माय सवयीनं गरजली, "लाईन गेलीऽऽ!"

"त्या कोण? काय म्हणाल्या?" योहाननं विचारलं.

"माझी आई. म्हणाली, लाईन गेली."

"पण गेली नाही ना," तो म्हणाला. "मला तुझा आवाज येतोय."

गावातला टेलिफोन लाईन गेली तरी चालू राहतो, त्याला त्याची वेगळी तार. मग तो हळूच म्हणाला, "वैशाली, लाईन म्हणजे... वीज?" आणि जे हसायला लागला ते थांबेचना. मीही डोळे पुसत हसतेय, आणि माय अंधारात उभी राहून म्हणतेय, "काय झालं वो माय, याइले?"

पुढं आठवड्याच्या आत सगळं उलगडलं. दोष लोट्टीच्या अगदी पहिल्या दिवसांत योहाननं स्वतः लिहिलेल्या ओळींत होता. लाईन आल्यावर लोट्टी राहिलेलं मीठ हातात घ्यायची आणि ते वरणात पडायच्या आधीच म्हणून टाकायची, "टाकलं!" डिस्कही थोडी लबाड असते, लिहून दे म्हटलं की हो म्हणते आणि घास गालात धरून बसते. तेवढ्यात दुसऱ्यांदा अंधार झाला, की संपलं. परत उठल्यावर लोट्टीला वाटायचं, मीठ तर पडलंय. जिची नोंद राहून गेली ती जागा रिकामी समजून ती कुणाच्याही मानेवर बुंदी ठेवायची. उपाय इवलासा होता. 'झालं' म्हणायच्या आधी थांबायचं. डिस्कनं घास खरोखर गिळला का ते पाहायचं. आणि मगच बोलायचं.

ते थांबणं मी लिहिलं. आणि त्या फंक्शनला मी नाव दिलं, 'टिकूदे'. योहाननं अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यानं एक अक्षर न बदलता ते लोट्टीत घेतलं.

राहिला नवरदेव. लोट्टी आधी बोलून ठेवते ते बोलणं, त्यातल्या मुंडक्यासकट, पुसलेलं नव्हतं, नुसतं संपलं म्हणून सोडून दिलेलं होतं. कपाटातल्या डिस्कवर ते तसंच असायला हवं होतं. डिस्कची एक हुबेहूब नक्कल करून घेतली, ती आणि नवी लोट्टी घेऊन मी स्टुडिओत गेले. पोराकडचे आलेले होते. लोणारहून एसटीनं आलेले काका, मामा, आणि स्वतः नवरदेव, घुश्श्यात. मायही आली होती, लोटी काय करते ते पाहायला. मी सुरू केलं. लोट्टी आठवायला लागली. आणि दिवा तांबूस झाला.

"या अल्लाह!" अश्फाकभाई म्हणाले. खट्. दुकानात अंधार.

आली. माझा हात कोणी न सांगता बटणावरून मागं आला. गेली. पुन्हा आली. कोणी हललं नाही. लोणारचे काकासुद्धा नाही. सगळे बल्बकडं बघतोय. पिवळा, पिवळा, आणि मग पांढरा.

"टिकली," माय म्हणाली.

मी बटण दाबलं. लोट्टीनं पुन्हा पहिल्यापासून आठवलं, थांबली, पाहिलं, आणि मग म्हणाली, झालं. मी फोटो उघडला. शेरवानी, कट्यार, हार, आणि त्यांच्या वर, जिथल्या तिथं, मिशीला पीळ दिलेला, डाव्या गालावर तीट लावलेला नवरदेव! दुकानात असा काही गलका झाला, की बसस्टँडवरची माणसं दारात आली. अश्फाकभाईंनी पोराच्या दोन्ही गालांना हात लावून पाहिला, खऱ्याखुऱ्या गालांना, जणू ते आत्ताच परत आलेत. मी रडत होते, आणि त्याची मला काडीची लाज वाटत नव्हती.

योहाननं लोट्टी बंद केली नाही. त्याचा बर्फ वितळला, आमचा हरभरा घरात आला, आणि लोट्टी गावोगाव, देशोदेशी गेली. आता योहान थकलाय, लोट्टी माझ्या हाती दिलीय. आमच्याकडंही लाईन पूर्वीइतकी जात नाही. पण हरभऱ्याला पाणी सुरू झालं की जाते. आज गेली तशी.

त्या पोराला काय उत्तर द्यावं या विचारात असतानाच योहानची मेल येऊन पडली, त्याच मेलला उत्तर म्हणून, सगळ्यांना उद्देशून, एकच ओळ: त्या नावाला हात लावायचा नाही, ते एका आईचं वाक्य आहे.

मी ती मायला वाचून दाखवली. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा.

"म्हंजे?" ती म्हणाली. "लाईन गेली का, दुनियेतल्या मशिनी माहं वाक्य म्हणतात?"

"म्हणतात, माय. अन् तसंच वागतात. थांबतात."

"साऱ्या?"

"लोट्टी आहे तिथल्या साऱ्या."

तिनं एक ढाळा सोलला, दाणा तोंडात टाकला. तेवढ्यात लाईन आली. मी टुणकन् उठून आत गेले, त्या पोराला उत्तर लिहायची घाई, आणि कॉम्प्युटरच्या बटणाकडं हात नेला.

"दुनिया ऐकते माहं," माय मागून म्हणाली. "तूच काऊन नाही ऐकत वं?"

मी हात मागं घेतला.